गुलकंदचा फिल्टर मी धुतला त्याची गोष्ट

आमच्या घरात फिल्टर या विषयावर माझं मत विचारलं जात नाही.

तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही, कारण तुम्ही बहुधा शिरूरचे नाही. शिरूरच्या माणसाला धक्का बसेल! गेली बावीस वर्षं इथं माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे आणि अख्खा तालुका मला ‘फिल्टरवाले’ याच नावानं ओळखतो. (पोस्टमनसुद्धा. एकदा माझ्या खऱ्या नावाचं पाकीट आलं, तर ‘असं कोणी इथं राहत नाही’ म्हणून तो ते परत पाठवायच्या बेतात होता.) शेतकरी दुकानाची पायरी चढला, की ‘या, बसा’च्या आधी मी विचारतो, "फिल्टर कवा धुतला?" डाळिंब तडकलं, कांदा पोसला नाही, ऊस पिवळा पडला, लोक कारणं शंभर सांगतात, मी एकच सांगतो. फिल्टर धुतला नाही! विहिरीतली घाण फिल्टरमध्ये साचते, तिथून नळ्यांत जाते, थेंब पडायचे बंद होतात आणि मग माणूस हवामानाला शिव्या देतो.

या बाबतीत मी नात्यागोत्याचीही भीड ठेवत नाही. माझे मेहुणे बबनराव दौंड तालुक्यात, वरवंडला असतात. माणूस सज्जन, पण आळशी. त्यांच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला गेलो असताना मी सहज विहिरीवर चक्कर मारली आणि त्यांच्या ठिबकचा फिल्टर उघडला. आत शेवाळ, चिखल आणि एक बेडूक! जिवंत, चांगला पोसलेला. मी ते सगळं एका पाटीत भरलं आणि मांडवात आणून जेवायला बसलेल्या पाहुण्यांना दाखवलं. निव्वळ प्रबोधन म्हणून! बबनराव नुसते हसले. ते हसू मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

तर असा मी. आणि माझ्याच घरात, माझ्याच पोटच्या मुलीनं, मला न विचारता फिल्टर आणला!

मुलगी म्हणजे गौरी. पुण्यात शिकते. होळीला घरी आली ती एका हातात थर्माकोलचं खोकं आणि दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेली बरणी घेऊन. खोक्यात एक प्राणी होता. वीतभर लांब, गुलाबी, चार पाय, चपटं मोठं डोकं आणि मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारख्या झिरमिळ्या. चेहऱ्यावर कायमचं हसू.

"हा ॲक्सोलॉटल," गौरी म्हणाली. "मूळचा मेक्सिकोचा. नाव गुलकंद."

"पाल हाय ती!" माझी बायको सुनंदा दोन पावलं मागं सरकली. "तेल लावून न्हाऊ घातलेली पाल!"

"आई, पाल नाही गं. हा आयुष्यभर पाण्यातच राहतो. हॉस्टेलच्या मॅडमना कळलं, म्हणून आता तो इथं राहणार."

"आन् खातो काय?"

"गांडुळं."

सुनंदा तडक आत निघून गेली. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी तीन फुटी काचेची टाकी बसली. तिच्यात गौरीनं त्या बरणीतून काहीतरी काढून सोडलं. बटाट्याएवढा स्पंज, तपकिरी, बुळबुळीत. त्याला एक बारीक नळी, नळीला एक खेळण्यासारखा हवेचा पंप. पंप सुरू केला, तर स्पंजातून बुडबुडे निघायला लागले.

"ह्ये काय हाय?" मी विचारलं.

"फिल्टर," गौरी म्हणाली.

फिल्टर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या घरात सँड फिल्टर, डिस्क फिल्टर, जाळीचा फिल्टर यांची माहितीपत्रकं उशाशी असतात, त्या घरात भांडी घासायच्या स्पंजाला फिल्टर म्हणायचं?

"आगं, मला एक शब्द इचारला असतास तर!"

"पप्पा, तुमचे फिल्टर शेतासाठी असतात."

"पानी ते पानीच! शेतातलं काय आन् घरातलं काय?"

दुसऱ्या दिवशी गौरी मैत्रिणीकडं गेली तेवढ्यात मी दुकानातला सगळ्यात चांगला डिस्क फिल्टर आणि अर्ध्या एचपीची मोटर घरी आणली, टाकीला जोडली आणि बटण दाबलं. पाण्याची धार अशी जोरदार बसली, की मला अभिमान वाटला. गुलकंद या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला, तिथून उलटा होऊन परत या कोपऱ्यात आला, मग आडवा होऊन गरगर फिरायला लागला. चेहऱ्यावर तेच हसू! त्यामुळे त्याला मजा येतेय असा माझा प्रामाणिक समज झाला. एवढ्यात पाइपाचा सांधा निखळला आणि धार थेट छताच्या पंख्यावर गेली. पंख्यानं ते पाणी खोलीभर इतकं सारखं वाटून दिलं, की तुषार सिंचनवाल्यांनी येऊन शिकावं. (पंख्याखाली सुनंदाच्या वर्षभराच्या शेवया वाळत होत्या. त्याबद्दल मी इथं काही लिहिणार नाही. तिनं जे बोलायचं ते बोलून झालेलं आहे.)

गौरीनं येऊन आधी मोटर बंद केली, मग गुलकंदला हाताच्या ओंजळीत घेऊन बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"पप्पा, हा तळ्यातला जीव आहे. याला वाहतं पाणी सोसत नाही. म्हणून संथ फिल्टर लागतो."

"वरवंडला बेडूक ऱ्हातोय की फिल्टरात! आन् ह्याला तेवढं सोसत न्हाई?"

त्या दिवसापासून टाकीच्या काचेवर एक कागद लागला: ‘स्पंजला हात लावू नये. विशेषतः पप्पांनी.’ येणारा-जाणारा तो मोठ्यानं वाचायचा!

पंधरवड्यानं गौरीला महिनाभराच्या ट्रेनिंगला हैदराबादला जायचं होतं. निघताना तिनं आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. उन्हं वाढतायत, म्हणून फ्रिजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकीत सोडायच्या. एक दिवसाआड गांडूळ. थोडंसंच पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. आणि स्पंज धुवायचा नाही. का धुवायचा नाही, तेही ती सांगायला लागली. पण तेवढ्यात न्हावऱ्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. तो फिल्टरबद्दलच होता, त्यामुळे मी अंगणात जाऊन त्याला पाऊण तास समजावत बसलो. आत आलो तेव्हा ‘का’ संपलं होतं आणि गौरी बॅग भरत होती.

पहिला आठवडा उत्तम गेला. एवढंच नाही, तर गुलकंद मला आवडायला लागला, हे कबूल करतो. सकाळी मी चहाचा कप घेऊन टाकीजवळ गेलो, की तो तळातून चालत चालत काचेपर्यंत यायचा आणि तोंड वर करून थांबायचा. घरात माझी अशी वाट पाहणारं दुसरं कुणी नाही. सुनंदाही ‘पाल’वरून ‘ते येडं’वर आली होती आणि गांडूळ शोधायला स्वतः शेणखताच्या खड्ड्यावर जात होती.

मग आले तुकारामआबा. आबा माझे जुने गिऱ्हाईक. महिन्यापूर्वीच मी त्यांना भर दुकानात फिल्टरवरून झापलं होतं. ते घरी आले, त्यांनी गुलकंद पाहिला, काचेवरचा कागद वाचला आणि मग चष्मा वर करून स्पंज पाहिला. बराच वेळ पाहिला.

"फिल्टरवाले, ह्यो फिल्टर हाय व्हय?"

"व्हय आबा."

"कवा धुतलाय?"

माझाच प्रश्न! माझ्याच दिवाणखान्यात!

"न्हाई, आमाला पार चोरावानी उभं करता तुमी," आबा शांतपणे म्हणाले. "म्हनलं, घरी कसं हाय ते बघावं."

आबा चहा न घेताच गेले. आता मला सांगा, बावीस वर्षांची अब्रू अशी बुडबुड्यांत जाताना कोणता माणूस गप्प बसेल?

मी कागदावर रुमाल टाकला, गुलकंदला घमेल्यात ठेवलं आणि कामाला लागलो. मी काम करतो तेव्हा अर्धवट करत नाही. स्पंज आधी नळाखाली पिळला. काळंकुट्ट पाणी निघालं! (माझ्या पोरीला हे दिसत नव्हतं?) मग गरम पाणी, मग कपड्यांचा ब्रश, मग ब्लीचिंग पावडरमध्ये भिजवणं, मग पुन्हा दहा पाण्यांतून काढून गच्चीवर कडक उन्हात वाळवणं. टाकीही आतून घासून लख्ख केली आणि सगळं पाणी नवं भरलं. संध्याकाळी स्पंज बेकरीतल्या केकसारखा पिवळाधमक दिसत होता. मी त्याचा फोटो काढून मोबाइलवर स्टेटस ठेवलं: ‘आज आमच्या घरचा फिल्टर! तुमचा कधी?’ खास तुकारामआबांसाठी.

दुसऱ्या दिवशी गुलकंद काचेपाशी आला नाही. तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. मी म्हटलं, अजून घाण असेल, आणि स्पंज पुन्हा एकदा धुतला! चौथ्या दिवशी त्याच्या त्या लाल झिरमिळ्या सुकल्यासारख्या होऊन पुढं वळल्या, शेपटीचं टोक आकसलं आणि तो एका अंगावर तरंगायला लागला. समोर धरलेलं गांडूळ त्यानं बघितलंसुद्धा नाही. चेहरा तेवढा हसराच. ते हसू आता बघवत नव्हतं.

"आवो, काय केलं तुमी त्याला?" सुनंदा टाकीसमोर मांडी घालून बसली होती.

"म्या कुठं काय केलं? फकस्त स्वच्छ केलं!"

तेवढ्यात गौरीचा फोन आला. ट्रेनिंगमध्ये मोबाइल दिवसभर बाहेर ठेवायला लागायचा, त्यामुळे माझं स्टेटस तिनं नाही, तिच्या मैत्रिणीनं पाहिलं होतं आणि तीन दिवसांनी तिला कळवलं होतं.

"पप्पा, स्पंज धुतलात?"

"जरासा."

"कशानं?"

मी क्रमानं सांगितलं. ब्लीचिंग पावडरपर्यंत आलो आणि पलीकडून रडण्याचा आवाज आला. माझी पोरगी लहानपणी गुडघा फुटला तरी रडायची नाही.

"पप्पा, ती घाण नव्हती! त्या घाणीतच जिवाणू असतात. गुलकंद जी घाण करतो ना, लघवी, विष्ठा, ते विष असतं. ते हे जिवाणू खातात. सहा महिने वाढवले होते मी. ती घाण हाच फिल्टर होता! नुसता स्पंज म्हणजे काहीच नाही. आता तो स्वतःच्याच विषात पोहतोय."

मी खुर्चीत बसलो. बावीस वर्षं मी सांगत आलो, की घाण फिल्टर म्हणजे पिकाचं मरण. आणि जगात असाही एक फिल्टर निघावा, की जो धुतला तर मरण! हा कुठला न्याय? कोणी केला असला फिल्टर? पण समोर गुलकंद आडवा तरंगत होता आणि भांडायला माझ्याकडं कुणी नव्हतं.

"आता काय करू, बाळा?"

"त्याला आधी बादलीत घ्या. साठवलेलं गार पाणी, रोज पूर्ण बदला. आणि कुणाच्या तरी चालू टाकीतला जुना, कधीच न धुतलेला स्पंज पाहिजे. जितका घाण तितका चांगला. तो आपल्या टाकीत टाकला, तरच तो वाचेल."

"आसा कुनाकडं मिळंल?"

"बबनमामाकडं आहे. त्यांच्या ओसरीवरच्या माशांच्या टाकीत दोन स्पंज आहेत. मीच दिलेत. तीन वर्षांत मामांनी हात लावला नाही."

नाही म्हणजे, लावणारच नाहीत! पण त्या दिवशी पहिल्यांदा मला आळसाबद्दल आदर वाटला.

मी दुधाची किटली घेतली आणि गाडीला किक मारली. न्हावरा गेलं, पारगावचा पूल गेला, चौफुला गेला. सगळ्या रस्त्यानं माझ्या डोळ्यांपुढं एकीकडं तरंगणारा गुलकंद आणि दुसरीकडं पाटीतला तो बेडूक. वरवंडला पोचलो तर सुनंदानं भावाला आधीच फोन केलेला. बबनरावांच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर वास्तुशांतीच्या पंगतीतलीच माणसं बसलेली! बोलावून आणलेली, उघडच दिसत होतं.

"या दाजी, या! पाय धुवा. बसा."

"बसायला टायम न्हाई, बबनराव. त्यो स्पंज तेवढा..."

"आवो, मेव्हण्याच्या दारात आलाय. चा घेतल्याबिगर कसं? आन् दाजी, आपन काय रिकाम्या हातानं लावून देतो व्हय?"

चहा आला. तो मी गरम गरम नरड्याखाली ओतला. मग माझ्या कपाळाला कुंकू लागलं. डोक्यावर टोपी चढली, खांद्यावर टॉवेल पडला, हातात नारळ आला. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याचा मान असाच करतात, त्याला नाही म्हणता येत नाही. पंगतीतली माणसं गंभीर चेहऱ्यानं बघत होती. एकानं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

"तर मंडळी," बबनराव उभं राहून म्हणाले, "आमचे दाजी फिल्टरमदले मोठे जानकार. आमच्या फिल्टरची त्यांनी मागं तपासनी केली व्हती, आपन समद्यांनी बगितलीच हाय. तवा आज त्यांना आमच्याकडला फिल्टर पसंत पडला, ह्यात आमी भरून पावलो."

मी टॉवेल-टोपीत उभा राहून मान हलवली. गुलकंदसाठी! नाहीतर मी सोडतो का? बबनरावांनी टाकीत हात घालून स्पंज काढला. मी पाहिलेल्या फिल्टरांपैकी सगळ्यात घाण! काळा, चिकट, वर शेवाळाची दाढी आलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किटली पुढं केली, तेवढ्यात घरातून वहिनी आल्या. बबनरावांची बायको, अत्यंत टापटिपीची बाई.

"आगं बया! आसा देताय व्हय पाव्हन्याला? लाज कशी वाटत न्हाई तुमाला?" असं म्हणत त्यांनी बबनरावांच्या हातातून स्पंज काढून घेतला आणि त्या अंगणातल्या नळाकडं चालायला लागल्या. दुसऱ्या हातात साबणाची वडी होती.

मी टोपी सावरत धावलो. नारळ हातातून सुटून सतरंजीवरून गडगडत गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी उभ्या आयुष्यात ओरडलो नाही इतक्या मोठ्यानं ओरडलो,

"वहिनी, फिल्टर धुऊ नका! हात जोडतो, फिल्टर धुऊ नका! घाणच पायजे मला!"

हमरस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकनंसुद्धा हॉर्न वाजवला नाही. वहिनी नळाजवळच हात थांबवून माझ्याकडं बघत राहिल्या. मग बबनराव अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ऐकलं ना समद्यांनी?"

स्पंज वाचला होता, त्याला नळाचं पाणी लागलं नव्हतं. टाकीतल्याच पाण्यात बुडवून किटलीत घातला, टोपी तशीच डोक्यावर ठेवून शिरूर गाठलं आणि बुडबुडे सुरू केले. पुढचे दहा दिवस मी आणि सुनंदानं बादलीतलं पाणी बदलत, बर्फाच्या बाटल्या सोडत काढले. सुनंदा त्याला आता ‘बाळ’ म्हणत होती. टाकीतलं पाणी स्वच्छ व्हायला लागल्यावर गौरीनं फोनवरूनच होकार दिला आणि आम्ही गुलकंदला परत आत सोडलं. दोन दिवसांनी सकाळी मी चहाचा कप घेऊन गेलो, तर तो तळातून चालत आला, काचेला नाक लावलं आणि तोंड वर करून थांबला. मी तिथंच बसून रडलो. सुनंदाला सांगितलं, चहा गरम होता म्हणून.

दरम्यान वरवंडचं ते शूटिंग दोन्ही तालुके फिरून आलं होतं. टॉवेल, टोपी, कुंकू आणि ‘फिल्टर धुऊ नका!’ सगळं स्पष्ट. तुकारामआबा दुकानात आले, खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "फिल्टरवाले, म्या काय म्हनतो, तुमचं ऐकायचं ठरवलंय. ह्या साली धुयाचाच न्हाई." मी त्यांना दोन प्रकारच्या फिल्टरांतला फरक सांगायला सुरुवात केली. ते पूर्ण वेळ हसत होते.

ट्रेनिंग संपवून गौरी आली. बॅग दारातच टाकून टाकीपाशी गेली. गुलकंदच्या झिरमिळ्या पुन्हा लालचुटुक झालेल्या पाहिल्या, मग वाकून त्या काळ्या, दाढीवाल्या स्पंजाकडं बारकाईनं पाहिलं. मी मागं हात बांधून, परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी उभं राहावं तसा उभा होतो.

"वा पप्पा," ती म्हणाली, "घाण मस्त सांभाळलीत!"

बावीस वर्षांत फिल्टरबद्दल माझ्या घरातून मला मिळालेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्र. आणि ते मला दुकानात लावता येत नाही!